सिचुआनचे तिखट आणि आपले तिखट

वाचकहो, आज तालुक्याच्या गावीही संध्याकाळ झाली की चायनीजची गाडी लागते. लाल पाटीवर 'शेजवान राईस', 'शेजवान नूडल्स' अशी नावे रंगवलेली असतात आणि आपली मुले ती नावे घरच्या शब्दांसारखी सहज उच्चारतात. पण शेजवान म्हणजे काय, असे विचारले तर बहुतेक मुले 'लाल चटणी' असेच उत्तर देतील. वास्तविक शेजवान हे चीनमधल्या सिचुआन प्रांताचे आपल्याकडे रूढ झालेले नाव आहे. तो प्रांत भाताचा, पावसाचा, धुक्याचा आणि कष्टकऱ्यांचा. आठ कोटींहून अधिक लोक तिथे राहतात. ही माणसे एवढे तिखट का खातात हे समजून घेतले की आपण तिखट का खातो हेही उमगते. म्हणून हा लेखनप्रपंच.

मी भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यातल्या आसगावचा. आमच्या भागाला चौरास म्हणतात. धान हे इथले मुख्य पीक आणि त्याच्या जोडीला मिरची. पलीकडे नागपूर जिल्ह्यातले भिवापूर लागते. तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, म्हणजे तिचे नाव सरकारी दप्तरी नोंदले गेले आहे. या सगळ्या पट्ट्यात व्यापारी मिरची विकत घेऊन मोठ्या आवारात तिचे ढीग घालतात आणि गावोगावच्या बायांकडून देठ खुडून घेतात. या जागेला आमच्याकडे सातरा म्हणतात. मजुरी दिवसावर नसते, किलोवर असते. जेवढे किलो खुडाल तेवढे पैसे हातात.

माझ्या आईने सातऱ्यावर वीस हिवाळे काढले. संध्याकाळी घरी आली की तिच्या बोटांची आग होई. धाकट्या भावाला ती चटकन जवळ घेत नसे, कारण हात त्याच्या डोळ्याला लागायची भीती. आधी हाताला जवसाचे तेल चोळायची, मग साबणाने धुवायची, आणि मगच चुलीपुढे बसायची. जेवणात भात आणि भुरका. तेलात लसूण तडतडवून त्यावर तिखट टाकले की झाला भुरका. कधी लाखोरीची डाळ, कधी बाजाराच्या दिवशी आणलेले झिंगे. आम्हा भावंडांच्या वह्यापुस्तकांचा खर्च त्या देठांवर निघाला. मी बी.कॉम. झालो, कारकुनी लागली, त्यात तिच्या बोटांचा वाटा आहे.

माझी थोरली मुलगी नवी मुंबईत एका खासगी कंपनीत हिशेबाचे काम करते. नोकरीला वर्ष पूर्ण झाले तेव्हा तिने फोन केला, "बाबा, आई-आजीला घेऊन या. गाडीवरचे शेजवान नाही, खरे सिचुआनी जेवण खाऊ घालते." त्याप्रमाणे गेल्या हिवाळ्यात मी, सौभाग्यवती आणि आई असे तिघे मुंबईला गेलो. मुलीने मुंबईतल्या एका सिचुआनी हॉटेलात आधीच टेबल राखून ठेवले होते. काचेचे दार, दाराशी टोपी घातलेला दरवान. आई पायरीवरच थबकली. मला हळूच म्हणाली, "काय रे, आपल्याले अंदर घेतीन का?" नातीने तिचा हात धरला आणि म्हणाली, "आजी, टेबल आपल्या नावावर आहे." त्या प्रश्नाकडे मी पुढे येईनच. आधी जेवणाचे सांगतो.

पहिल्यांदा आले ते कोंबडीचे ताट. पाहतो तर ताटभर लाल सुकी मिरची आणि त्यात कोंबडीचे तळलेले बारीक तुकडे लपलेले. मुलीने सांगितले, "मिरची खायची नाही, बाजूला सारून तुकडे शोधायचे." हे ऐकून आईला राहवेना. "एवढी मिरची फेकून द्याची? अर्धा पाव तरी असन!" मग तिने एक मिरची उचलून उजेडात धरली, उलटीसुलटी केली. "देठ बराबर खुडले हायेत. कोन्या बाईनं खुडले असतीन?" टेबलावर कुणाजवळच उत्तर नव्हते.

दुसरा पदार्थ होता सोयाबीनच्या दुधाचे मऊ पनीर, ज्याला टोफू म्हणतात, लाल तेलाच्या रश्श्यात. एक घास घेतला आणि ओठांना मुंग्या आल्या. तिखट तर आम्हाला नवीन नव्हते, पण हे वेगळेच होते. आई म्हणाली, "दाताच्या डाक्टरनं सुई मारल्यावानी झालं व!" सगळे खळखळून हसलो. पण चमचा कुणी खाली ठेवला नाही. नाक पुसत, डोळे पुसत, पाणी पीत, भातावर भात घेत आम्ही जेवलो. आईने चमचा बाजूला ठेवून हाताने भात कालवला. वाढणाऱ्या मुलाने न सांगता तिच्यासमोर हात धुवायला कोमट पाण्याचे भांडे आणून ठेवले. इतके मन लावून जेवताना तिला मी फार दिवसांनी पाहिले.

जिभेला मुंग्या आणणारी वस्तू मिरची नव्हे. ती एका झुडपाच्या बारीक फळाची साल असते. सिचुआनी लोक तिला हुआज्याव म्हणतात. हे झुडूप लिंबाच्या कुळातले आहे. आपल्या कोकणात बांगड्याच्या कालवणात तिरफळ घालतात, ते तिरफळ या हुआज्यावचे सख्खे भावंड म्हणावे असे. सिचुआनी माणूस चवीचे दोन शब्द एकत्र बोलतो, 'मा' आणि 'ला'. मा म्हणजे मुंग्या येणे, बधिर होणे. ला म्हणजे तिखट. दोन्ही मिळून 'माला'. गाडीवरच्या आपल्या शेजवान चटणीत यातला 'मा' सापडत नाही. ती लसूण-मिरचीची आपलीच चटणी आहे, फक्त नाव परदेशी.

हे जेवण आपल्याकडे आले ते मोठ्या दारातून. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९७० च्या दशकात गोल्डन ड्रॅगन नावाचे चिनी उपाहारगृह निघाले आणि तिथून सिचुआनी चवीचा बोलबाला झाला. त्याच दशकात कलकत्त्याहून मुंबईला आलेल्या नेल्सन वँग या चिनी वंशाच्या आचाऱ्याने १९७५ साली क्रिकेट क्लबात चिकन मंचुरियन केले असे सांगतात. पुढे ही चव गाड्यांवर उतरली आणि तिथून बाटलीत भरली गेली. शेजवान चटणी विकणारी कॅपिटल फूड्स ही कंपनी २०२४ च्या जानेवारीत टाटांच्या कंपनीने विकत घ्यायचे जाहीर केले तेव्हा तिची किंमत ५,१०० कोटी रुपये धरली गेली. मी हिशेबाचा माणूस आहे. मिरचीच्या चवीला एवढी किंमत येते हे वाचून मला सातऱ्यावरचा तराजू आठवला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सिचुआनात मिरची आली कुठून? वाचकांना नवल वाटेल, पण मिरची चीनचीही नाही आणि भारताचीही नाही. ती अमेरिका खंडातली. कोलंबसाच्या सफरींनंतर ती जगभर पसरली आणि आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली. त्याआधी आपले पूर्वज तिखटासाठी मिरे, पिंपळी आणि आले वापरत. मिऱ्यावरूनच आपण मिरची हा शब्द केला. सिचुआनी लोकांनीही तेच केले. ते मिरचीला हायज्याव म्हणतात, म्हणजे समुद्रापलीकडून आलेले मिरे. चीनमध्ये मिरचीची पहिली लेखी नोंद १५९१ सालची आहे, आणि तीही शोभेचे झाड म्हणून.

तिला पोटात जागा दिली ती गरिबांनी. सिचुआनच्या शेजारच्या क्वेइचौ प्रांतात मीठ फार महाग होते. १८ व्या शतकाच्या सुरुवातीच्या एका नोंदीत असे लिहिले आहे की तिथले डोंगरी लोक मिठाच्या जागी मिरची खातात. १७ व्या शतकातील लढायांनी सिचुआन उजाड झाला होता, तिथे इतर प्रांतांतून लोक येऊन वसले. डोंगरउतारावर, कोपऱ्याकापऱ्यावर मिरची लावता येते, वाळवून वर्षभर ठेवता येते, आणि चिमूटभर तिखटावर वाटीभर भात उतरतो. मांस-मासा, तेल-तूप ज्यांना परवडत नव्हते त्यांनी मिरचीला कालवण केले. श्रीमंतांच्या ताटात ती पुष्कळ उशिरा गेली. आपल्याकडे तरी वेगळे काय घडले? ज्याच्या घरी तूप होते त्याला भुरक्याची गरज नव्हती.

आम्ही खाल्लेल्या टोफूची हकीकत तर आपल्या घरातली वाटावी अशी आहे. १८६२ च्या सुमारास छंगतू शहरात एका पुलाजवळ चेन नावाच्या जोडप्याची खाणावळ होती. डोक्या-खांद्यावरून तेल वाहणारे हमाल तिथे जेवायला थांबत. स्वस्तातले टोफू, थोडेसे मांस आणि भरपूर तिखट असे कालवण ती बाई करून देई. तिच्या तोंडावर देवीचे व्रण होते, म्हणून त्या पदार्थाला 'मापो टोफू' म्हणजे 'वणाच्या म्हातारीचे टोफू' असे नाव पडले. आज तेच नाव जगभरच्या मोठ्या हॉटेलांच्या यादीत छापलेले असते. त्याच शहरात १९३० च्या दशकात एक जोडपे गुरांच्या टाकाऊ समजल्या जाणाऱ्या अवयवांचे पातळ काप करून, तिखट तेलात घोळवून विकत असे. त्या पदार्थाचे नाव आजही 'नवराबायकोचे फोपशाचे काप' असेच आहे. 

शेवटी टेबलाच्या मधोमध शेगडीवर मोठी कढई आली. लाल रस्सा रटरटत होता. ताटात कच्चे मासे, कोंबडी, आळंबी, पालेभाजी, बटाट्याच्या चकत्या. ज्याने त्याने आपापला तुकडा रश्श्यात सोडायचा, शिजला की काढून खायचा. हा प्रकार यांगत्से नदीकाठच्या चोंगछिंग बंदरातला. हे शहर १९९७ पर्यंत सिचुआन प्रांतातच मोडत होते. चीनच्या मदतीला १९३८ साली गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकाचा मुक्काम तिथे होता. त्या पथकात आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते.

त्या बंदरावर नावाडी आणि हमाल राबत. कसाई जे फेकून देत ते आतडे, ओझरी, रक्त त्यांच्या वाट्याला येई. ते धुऊन, तिखट रश्श्यात उकळून ते खात. तिखटाने वास मारला जाई आणि थंडीत अंगाला ऊब येई. त्या कढईत लोखंडी पट्ट्यांची जाळी बसवून नऊ घरे केलेली असत. अनोळखी हमाल एकाच कढईभोवती बसत, प्रत्येकाचे घर वेगळे, पण खालून रस्सा एकच, असे सांगतात.

हे सांगता सांगता मुलगी थांबली. म्हणाली, "बाबा, खरे सांगू? ऑफिसात सगळे डबे उघडतात तेव्हा मी झिंग्याची चटणी कधी नेत नाही. वास येतो म्हणतील. आणि याच मैत्रिणी इथे येऊन हजार-हजार रुपये देऊन हे सगळे आवडीने खातात. फोपशाच्या पदार्थाचे नाव इंग्रजीत सांगतात." तिच्या आईने मान खाली घातली. तिलाही माहेरचे पदार्थ शेजारणींपुढे सांगताना असेच होत असावे.

वाचक भगिनींनो, ही गोष्ट एका मुलीची नाही. मुंडी, खूर, बोटी, रक्ती, सुकट हे आपल्या चुलीवर शिजले, कारण हाताला तेवढेच लागत होते. आपल्या आजीने त्यातून चव काढली. यात कमीपणा तो कसला? कमीपणा असेलच तर ज्यांनी चांगला वाटा स्वतःकडे ठेवला त्यांचा. लेखक शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातील दलितांच्या स्वयंपाकावर 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली लिहिले. त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ साली आला आणि आता दूरदूरचे लोक ते वाचतात. आपल्या नागपूरचे सावजी घ्या. ते मुळात हातमागावर राबणाऱ्या कोष्टी विणकरांच्या घरचे तिखट. आज सावजीची पाटी पुण्या-मुंबईत दिसते. विणकराचे सावजी, हमालाची कढई आणि मजूर बाईचा भुरका ही एकाच घरची भावंडे आहेत.

आता आईच्या त्या प्रश्नाकडे येतो. 'आपल्याले अंदर घेतीन का?' हा प्रश्न तिला काचेच्या दाराने पाडला नव्हता. तिच्या लहानपणी बाजाराच्या गावी एका चहाच्या दुकानात आपल्या लोकांसाठी कान तुटलेला कप बाहेर वळचणीला खोचून ठेवलेला असे. तो आपणच धुवायचा, वरून चहा ओतून घ्यायचा आणि पिऊन पुन्हा तिथेच ठेवायचा. पैसे मात्र सर्वांएवढेच. तोपर्यंत राज्यघटना लागू झालेली होती. २६ जानेवारी १९५० पासून अनुच्छेद १५ मध्ये स्वच्छ लिहिलेले आहे की दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणालाही अडवता येणार नाही. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. पण कागदावरचे कलम वळचणीपर्यंत पोचायला वेळ लागला, आणि मनातल्या वळचणीपर्यंत ते अजून पोचतेच आहे.

मी त्या रात्री आईला एवढेच सांगितले, "माय, तू पायरीवर थांबलीस, पण आत येण्याचा हक्क तुझ्याजवळ पंच्याहत्तर वर्षांपासून आहे." ती म्हणाली, "हक्क हाये रे, पन सवय नाही." वाचकहो, हे वाक्य मला अजून सोडत नाही. सवय लावणे हे आपले काम आहे. वर्षातून एकदा का होईना, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला चांगल्या ठिकाणी, मधल्या टेबलावर बसवून जेवू घाला. कोपरा मागू नका.

अर्थात एका टेबलावर जेवले की सगळे संपले, असेही नाही. डॉ. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ सालच्या भाषणात स्पष्ट सांगितले आहे की नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही, आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय आणि त्यासाठी शास्त्रांवरची श्रद्धा उखडावी लागते. चोंगछिंगची कढई त्या दृष्टीने पहिली पायरी आहे, माडी नव्हे. पण पहिल्या पायरीवरच आपली माणसे थबकत असतील तर वर कोण चढणार?

तिखट आवडते याचे कारणही समजून घ्या. मिरचीत कॅप्सेसिन नावाचे द्रव्य असते. आपल्या शरीरात उष्णतेची खबर देणाऱ्या ज्या नसा आहेत, त्यांना ते चेतवते. मेंदूला वाटते जीभ भाजली, पण भाजलेली नसते. ती वेदना शमवण्यासाठी शरीर स्वतःच सुखावणारी द्रव्ये सोडते, म्हणून तिखट खाऊन घाम येतो आणि बरेही वाटते. ही खबर देणारी यंत्रणा शोधून काढल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञाला २०२१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात आणि स्निग्ध पदार्थात विरघळते. म्हणून तोंड भाजले तर पाण्यापेक्षा दूध किंवा दही घ्या. हाताची आग झाली तर आधी तेल चोळा आणि मग साबणाने धुवा. माझी शाळेत न गेलेली आई जवसाच्या तेलाने हेच करत होती. तिने हे कुणाच्या पुस्तकात वाचले नव्हते.

पण तेच द्रव्य हातावरही काम करते. जिभेला पाच मिनिटे लागते तिला चव म्हणतात, हाताला आठ तास लागते तिला मजुरी म्हणतात. या फरकाकडे मला आपले लक्ष वेधायचे आहे. आम्ही काही कार्यकर्ते आमच्या भागातल्या सातऱ्यांवर जातो तेव्हा मागण्या साध्याच असतात. हातमोजे आणि तोंडाला बांधायला कापड मिळावे. बसायला सावली आणि प्यायला पाणी असावे. तान्ह्या मुलांना धुळीपासून दूर ठेवायला जागा असावी. तराजूचा काटा बायांना दिसेल असा ठेवावा, आणि किलोचा दर ठरवताना त्यांना विचारावे. यातले काहीही फार खर्चाचे नाही. बाया एकेकट्या बोलल्या तर त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावणे येत नाही. दहाजणी मिळून बोलल्या तर मात्र ऐकावे लागते, हा आमचा अनुभव आहे.

तेव्हा मुलांनो, गाडीवरचे शेजवान खुशाल खा, पैसे साचले तर सिचुआनी हॉटेलातही जा, आणि मधल्या टेबलावर बसा. सोमवारी डब्यात झिंग्याची चटणी न्या आणि झाकण सर्वांदेखत उघडा. कुणी विचारले तर सांगा, हे आमच्या चौरासचे तिखट आहे. आणि लाल मिरची हातात आली की माझ्या आईने विचारले तेच एकदा विचारा, हिचे देठ कोण्या बाईने खुडले असतील, आणि तिला किलोमागे काय मिळाले असेल?